माहेरचं नाव आवश्यक

मी स्वभावानं तापट. माणसावर चिडतो त्याच्या दुप्पट कॉम्प्युटरवर चिडतो. सावेडीतल्या शेजाऱ्यांपासून पुण्याच्या कंपनीतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं, तरीही १९९९ च्या जानेवारीत कंपनीनं नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या कामावर मलाच धाडलं. कारण काय, तर याचं घर नगरला आहे. पुण्यात बसलेल्या माणसाला नगर आणि कर्जत एकाच गल्लीत वाटत असावेत. सकाळची एसटी धरून अडीच तासांनी मी उतरायचो तेव्हा अंगावर धूळ असायची आणि डोकं आधीच तापलेलं असायचं.

काम एका ट्रस्टच्या दवाखान्यातलं होतं. डॉक्टर माधुरीताईंच्या वडिलांनी तो तीस वर्षांपूर्वी सुरू केलेला. आता तिथे एक सर्व्हर, तीन कॉम्प्युटर आणि ब्राउझरमध्ये उघडणारा रुग्णनोंदणीचा फॉर्म येणार होता. पुण्याच्या आमच्या लोकांनी फॉर्मचा साचा तयार करून दिला होता. माझ्याकडे होती ती नियमांची फाईल. फॉर्म भरून सर्व्हरकडे गेला की आधी त्या फाईलशी ताडून पाहिला जायचा. नाव रिकामं चालणार नाही, वय शून्य ते एकशेदहा, बाई विवाहित असेल तर पतीचं नाव हवं, एका माणसाला एकच नाव. काही चुकलं तर लाल ओळ उमटायची आणि नोंद परत यायची. सगळं जमलं तर हिरवी खूण. या फाईलचा मला फार अभिमान होता. चुकीची माहिती आत शिरूच शकणार नाही, असं मी माधुरीताईंना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

घाईचं कारण वेगळंच होतं. जुन्या कागदांच्या खोलीच्या जागी बाळंतिणींचा वॉर्ड व्हायचा होता. एकतीस मार्चला खोली रिकामी करायची, कागद लगद्याला पाठवायचे, असं ट्रस्टनं ठरवून टाकलं होतं. त्या तारखेपर्यंत मशीनमध्ये जाईल तेवढंच राहणार होतं आणि बाकीचं कायमचं जाणार होतं.

त्या खोलीची मालकीण होती छबूबाई साळवे. पन्नाशीला टेकलेली, काडीसारखी बाई, डोळ्यांवर जाड काचा. छप्पन साली घरादारानं दीक्षा घेतली, तेव्हा तिच्या वडिलांनी, रंभाजींनी, पोरीला हाताला धरून शाळेत बसवलं. "वाचायचं, आन् लिवायचं ते खरं लिवायचं," एवढंच त्यांनी सांगितलं म्हणे. चौथीपर्यंत ती शिकली. एकोणसत्तर साली झाडलोटीला म्हणून दवाखान्यात आली आणि खाली पडलेले कागद उचलून ज्याच्या त्याच्या जागी लावते हे थोरल्या डॉक्टरांनी, माधुरीताईंच्या वडिलांनी, पाहिलं, म्हणून या खोलीत आली. सुरुवातीला गावोगावच्या काही बाया तिच्या हातातून कागद घ्यायच्या नाहीत, टेबलावर ठेव म्हणायच्या. छबूबाई ठेवायची, आणि ठेवता ठेवता विचारायची, "माहेर कंचं गं तुजं?" बाई कितीही ताठ असली तरी माहेराबद्दल विचारल्यावर गप्प राहत नाही. सगळ्या बोलायच्या.

कारण छबूबाईची सगळी मांडणीच माहेरावर होती. चहाच्या खोक्यांच्या फळ्यांचे खण केलेले, एका गावाला एक खण. बाईचा कागद तिच्या माहेरच्या गावाच्या खणात. तिचं लग्न झालं, गाव बदललं, आडनाव बदललं, तरी कागद जागचा हलायचा नाही. फक्त मागच्या बाजूला एक ओळ यायची: दिली, अमक्या गावी, अमक्यांच्यात, नवं नाव अमुक. आमच्याकडे लग्नात कित्येक घरी सुनेचं पहिलं नावसुद्धा बदलतात, म्हणून नवं नाव. आणि ही बातमी छबूबाईला कशी कळायची? बाजारच्या दिवशी रांगेत बसलेल्या बायांना ती पाणी देत फिरायची आणि विचारायची, "औंदा तुमच्या गावात कुनाकुनाची दिली?" मग खोलीत येऊन एकेक कागद काढून मागे लिहायची. तीस वर्षं हे असंच चाललेलं. अकरा-बारा हजार कागद.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला दिसत होत्या त्या लाल ओळी. आमच्या ऑपरेटर दीपानं पहिल्या दिवशी शंभर कागद भरले, त्यातले सदतीस परत आले. एका बाईला दोन नावं, एकीला तीन आडनावं, कुठे नवऱ्याचं नाव आधी आहे आणि नंतर खोडलेलं. मी तरातरा त्या खोलीत गेलो.

"बाई, हे काय लिहून ठेवलंय? एका माणसाला एकच नाव असतं."

छबूबाईनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मानसाला व्हय. बाईला न्हाई."

मी दीपाला सांगितलं, मागची बाजू सोडून दे. कागदाच्या पुढे जे आहे ते भर, मागच्यासाठी आपल्याकडे चौकट नाही. लाल ओळी थांबल्या. काम धडाधड चालू झालं.

छबूबाई मात्र रोज एकदा काउंटरशी येऊन उभी राहायची. "मागलं जातंय का आत?" मी नाही म्हणायचो. ती परत जायची. चौथ्या का पाचव्या दिवशी मी वैतागून म्हणालो, "मागच्या ओळींनी करायचंय काय तुम्हाला?" तेव्हा तिनं रांगेतली कुठलीही बाई दाखवायला सांगितलं. मी मुद्दाम एक अनोळखी निवडली, करमाळ्याकडून आलेली, इथे पहिल्यांदाच आलेय असं ती स्वतःच म्हणत होती. छबूबाईनं तिला माहेर विचारलं, बापाचं आडनाव विचारलं आणि आत गेली. मी घड्याळ लावलं होतं. मिनिटभराच्या आत ती कागद घेऊन आली. सन एकोणीसशे त्र्याऐंशी, वय सहा, विषमज्वर, अकरा दिवस दाखल. ती बाई कागदाकडे बघतच राहिली. "आये म्हनायची, लई आजारी हुतीस म्हनून. हितंच आनलं हुतं व्हय मला?" मी तो कागद पुढून-मागून दोनदा वाचला, खोटं कशाला बोलू.

आणि तरीही मी फाईल बदलली नाही. माणूस किती हट्टी असू शकतो त्याचा हा नमुना. बदल करायचा म्हणजे नुसता एक नियम बदलून भागत नव्हतं, मागचा सगळा साचा मोडावा लागणार होता. दीपानं भरलेल्या चार हजार नोंदींना पुन्हा हात लावायचा, शोध नव्यानं लिहायचा, आणि मार्च तर डोक्यावर. चमत्कार म्हणून ठीक आहे, पण पद्धत म्हणून चालणार नाही, असं मी स्वतःची समजूत घालून घेतली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, बाजारच्याच दिवशी, दुपारी एक जीप थेट पायरीशी येऊन थांबली. आत एकवीस-बावीस वर्षांची गरोदर बाई, दातखीळ बसलेली, शुद्ध नाही. सोबत नवरा गोरक्ष सुद्रिक आणि त्याची आई लंकाबाई.

"सून हाय माजी," लंकाबाई माधुरीताईंना सांगत होती. "नववा लागलाय. सकाळधरनं डोकं धरून बसली हुती, मग एकदम आकडीच आली. वाटंत दोनदा आली."

माधुरीताईंनी रक्तदाब पाहिला आणि ताबडतोब पोटावर शस्त्रक्रिया करायचं ठरवलं. नगरहून भुलीचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, ते नशिबानं त्या दिवशी हजर होते. ताईंनी चालता चालताच विचारलं, "आधी कधी दवाखान्यात होती का? ऑपरेशन, भूल, काही?"

"न्हाई ओ बाई. आमच्या घरात आल्यापासनं साधा ताप बी न्हाई तिला."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी कीबोर्डवर बोटं ठेवली. माझ्या फॉर्मची ही पहिली खरी परीक्षा होती आणि मी, सांगायलाही लाज वाटते, खूश होतो. पूजा गोरक्ष सुद्रिक, राहणार तळवाडी. शोध. नोंद सापडली नाही. मग नवी नोंद: नाव आहे, वय एकवीस, विवाहित, पतीचं नाव आहे, गाव आहे. एकही लाल ओळ नाही. हिरवी खूण. मी कागद छापून ताईंच्या हातात दिला, त्यावर स्वच्छ अक्षरांत होतं: पूर्वीचा आजार नाही, पूर्वीची शस्त्रक्रिया नाही. स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीकडे निघालं.

छबूबाई दारात उभी होती. तिनं लंकाबाईला अडवलं. "माहेर कंचं हिचं?"

"बोरेवाडी. पन तितं कुनी न्हाई आता. समदी ऊसतोडीला गेल्यात, कोपरगावाकडं."

"आडनाव?"

"भिसे. अवो, आता कशाला ह्ये..."

छबूबाई वळून खोलीत गेली. मी मागोमाग गेलो, का ते सांगता येणार नाही. ती पळाली नाही, धांदल केली नाही. बोरेवाडीचा खण, त्यातलं भिशांचं बंडल, त्यात पोरींचे तीन कागद. तिघींच्या पाठी तिनं वाचल्या. तिसऱ्याशी थांबली आणि मोठ्यानं वाचलं, "दिली. तळवाडी, सुद्रिकांच्यात. मे सत्त्याण्णव. नवं नाव पूजा." मग कागद सुलटा केला.

मनकर्णा सहादेव भिसे, वय सोळा. सन चौऱ्याण्णव. बैलगाडीवरून पडून डावं कोपर निखळलेलं, भूल देऊन बसवलं. आणि खाली थोरल्या डॉक्टरांच्या हातचं, लाल पेन्सिलीनं: स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शननंतर पाच तास श्वास परत आला नाही. रबरी फुगा हातानं दाबून श्वास चालू ठेवला. हे इंजेक्शन हिला पुन्हा कधीही देऊ नये.

पोटाच्या ऑपरेशनला भूल देताना हेच इंजेक्शन सुरुवातीलाच देतात. मला तेव्हा हे माहीत नव्हतं, पण लाल पेन्सिल कळायला डॉक्टर असावं लागत नाही. मी कागद ओढून घ्यायला हात पुढे केला. छबूबाईनं तो सोडला नाही.

"थांबा. कागद खरा हाय, पन मानूस त्येच का ते बगाया नगं?"

"अहो मावशी, वेळ नाही!" मी अक्षरशः ओरडलो.

"भिशांच्या तीन पोरी हायत हितं. भलतीचाच दिला तर?" असं म्हणत ती चालू लागली होती. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी स्ट्रेचर गाठून तिनं त्या बेशुद्ध पोरीचा डावा हात उचलला आणि हळूच सरळ करू पाहिला. तो सरळ झाला नाही. कोपरात थोडा वाकडाच राहिला. "हीच," छबूबाई म्हणाली, आणि चपला बाहेर काढून तशीच आत गेली.

मी दाराच्या गोल काचेतून पाहत होतो. भुलीच्या डॉक्टरांच्या हातात सिरिंज भरलेली होती. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. "याच्याशिवाय करू," ते म्हणाले. चाळीसएक मिनिटांनी आतून तान्ह्या बाळाच्या रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती, आई जिवंत होती. नंतर हात धुताना ते डॉक्टर माधुरीताईंना म्हणाले की या अवस्थेत हिचा श्वास पाच तास हातानं चालवणं त्यांना जमलं असतं असं ते सांगू शकत नाहीत.

मी काउंटरवर येऊन बसलो आणि मशीनमध्ये मनकर्णा भिसे शोधली. होती. दीपानं फेब्रुवारीतच भरली होती, लाल पेन्सिलीच्या ओळीसकट. मशीनला मनकर्णा माहीत होती आणि पूजाही माहीत होती. त्या दोघी एकच आहेत एवढंच माहीत नव्हतं, आणि ते माहीत होऊ नये अशी व्यवस्था मीच केली होती. प्रत्येक चौकट बरोबर होती आणि अख्खी नोंद चूक होती.

लहानपणी भंडारदऱ्याला धरणाच्या भिंतीखाली उभं राहून मी वर पाहिलं होतं. एवढं पाणी कुणीतरी गुपचूप पलीकडे धरून ठेवलंय, या विचारानं मी एकदम एवढासा झालो होतो. छबूबाई खोलीत परत येऊन तो कागद बोरेवाडीच्या खणात, भिशांच्या बंडलात, जागच्या जागी लावत होती, ते पाहताना मला तसंच झालं. मी तिच्या पाया पडलो. तिनं पाय मागे घेतले. "नगं नगं, आमच्यात पाया पडत न्हाईत. मागलं आत घ्या तेवढं."

दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्या शेजारी खुर्चीत बसवलं. "मावशी, नियम तुम्ही सांगा, मी लिहितो."

ती आधी लाजली, मग सांगत गेली. बाई कुठलीही असो, आधी माहेरचं गाव, मग माहेरचं नाव. ते विचारल्याशिवाय पुढं सोडायचंच नाही. नवं नाव आलं म्हणून जुनं पुसायचं नाही, खाली लिहायचं, किती का होईनात. अंगावरची एखादी खूण हवीच, आणि जुना कागद लागला की खूण माणसाशी जुळल्याशिवाय तो उघडायचा नाही.

"लग्न न झालेलीचं?" मी विचारलं.

"ऱ्हाती तेच तिचं माहेर."

"आणि माहेर आठवतच नसेल तर?"

"माहेर आठवत न्हाई अशी एक बाई दाव मला," छबूबाई म्हणाली.

मी गुमान लिहिलं. साचा मोडला, पुण्याच्या साहेबांशी फोनवर भांडलो, नाव आणि माणूस वेगवेगळे केले. एका माणसाला कितीही नावं. सहाव्या दिवशी नवा शोध चालला तेव्हा मी छबूबाईलाच बोटानं बटण दाबायला लावलं. बोरेवाडी, भिसे. डोळ्याची पापणी लवायच्या आत भिशांच्या तिघी पोरी पडद्यावर आल्या, सासरच्या नावांसकट. छबूबाईचा हात तोंडावर गेला. "येवढ्यात?" ती पुटपुटली. "खन न्हाई, बंडल न्हाई, येवढ्यात?" मला वाटलं तिला वाईट वाटतंय. छे. तिनं पुन्हा बटण दाबलं, मग दुसऱ्या गावाचं, मग तिसऱ्या. दुपारचं जेवायचं विसरून ती गावं काढत बसली होती. त्या काउंटरशी आम्ही दोघं एकमेकांच्या कामाकडे तोंडात बोट घालून पाहत होतो.

महिनाअखेर खोली रिकामी झाली तेव्हा मागची एकही ओळ बाहेर राहिली नव्हती. छबूबाई वाचायची, दीपा आणि मी भरायचो, माझा मुक्काम दवाखान्यातच होता. पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, मनकर्णाला घरी सोडायचं होतं त्या दिवसाचं.

लंकाबाईचे गुडघे दुखत होते, तिचाही कागद काढायचा होता. ती माझ्यासमोर बसली. मागे गोरक्ष, बाजूला छबूबाई. नाव लंकाबाई. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही, ते गोरक्षनं सांगितलं. माहेरचं गाव मिरजगाव. मग मी विचारलं, "माहेरचं नाव?"

ती खुर्चीत मागे सरकली. "ते आन् कशाला आता?"

मी रिकामंच पाठवून दाखवलं. लाल ओळ उमटली: माहेरचं नाव आवश्यक आहे. "बघा, त्याच्याशिवाय हे पुढं जात नाही," मी म्हणालो.

तिनं वळून लेकाकडे पाहिलं. "तू जरा भाईर जा."

"का?"

"जा म्हनते ना."

तो गेला. दार लोटलं गेल्यावर लंकाबाई पडद्याकडे न बघता, खालच्या आवाजात म्हणाली, "रंगू." आणि मग, "मांडवातच बदललं. तेरावं बी सरलं नव्हतं मला. त्या नावानं हाक मारनारं आता कुनी जित्तं न्हाई."

मी ते मराठी फॉन्टमध्ये टाईप केलं. हिरवी खूण आली. तिला वाचता येत नव्हतं. छबूबाई पुढे वाकली, चष्मा सावरला आणि एकेक अक्षर नीट लावून वाचलं, "रंगू. मिरजगाव."

"पुन्यांदा वाच गं," लंकाबाई म्हणाली.

छबूबाईनं पुन्हा वाचलं. लंकाबाईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि कुणाकडेही न बघता उठून वॉर्डाकडे गेली. कागद छापून झाला होता, तो द्यायला मी तिच्या मागे गेलो. सून पाठमोरी बसून लेकीला दुपट्यात गुंडाळत होती. लंकाबाई दाराशीच थांबली.  मग हाक मारली.

"मनकर्णा, चल, घरी जायाचं."

पोरगी दचकून वळली. सासूकडे तिचं लक्षच गेलं नाही. सासूच्या खांद्यावरून ती बाहेर, जिन्यापर्यंत बघत राहिली, माहेरचं कोण आलंय म्हणून.